माणूस पाण्यात कुठे उभा आहे? इंग्रजीतला 'डीप' उलगडताना

'ही इज आउट ऑफ हिज डेप्थ.' बारावीच्या पेपरात किंवा स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यात हे वाक्य आलं की मुलगा शब्दकोश उघडतो. 'डेप्थ'समोर 'खोली' असं लिहिलेलं असतं. मग वाक्याचा अर्थ होतो, 'तो त्याच्या खोलीच्या बाहेर आहे.' मराठीत राहायची जागाही खोलीच, त्यामुळे काही चुकलंय असं वाटतच नाही. मुलगा पुढच्या ओळीवर जातो आणि तिथून सगळा उतारा हातातून निसटत जातो.

यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, गडचिरोली, कुठल्याही खेड्यातल्या शाळेत जा, इंग्रजी वाक्प्रचार यादी करून पाठ केले जातात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. खोलीबद्दलच्या वाक्प्रचारांना ही पद्धत लागू पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. नाल्याच्या पुरातून बैल काढलेल्या, विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला खोली अंगाने ठाऊक असते. ती त्याची कमाई आहे, आणि इंग्रजीच्या तासाला आपण ती वर्गाबाहेर ठेवतो. त्याला एवढाच प्रश्न विचारायला शिकवलं पाहिजे: या वाक्यातला माणूस कुठे आहे? तो पाण्यात उभा आहे, वरून दोर सोडून तळ शोधतोय, की काठावर थांबून आत दूरवर बघतोय? जागा कळली की अर्थ बराचसा आपोआप कळतो.

आधी पाण्यात उभ्या माणसाकडे जाऊ. पावसाळ्यात नाला ओलांडायचा असला की पलीकडच्याला हाक मारून विचारतात, "पाणी किती हाय गा?" उत्तर फुटात येत नाही. "टोंगळाभर हाय, ये!" किंवा "कंबरभर हाय, थांब जरासाक." घोटा, टोंगळा, मांडी, कंबर, छाती, गळा, असं माप अंगावर वर चढत जातं. इंग्रजीतही हेच माप आहे: 'अँकल-डीप', 'नी-डीप', 'वेस्ट-डीप', 'नेक-डीप'. 'द फील्ड वॉज नी-डीप इन वॉटर' म्हणजे शेतात खरंच टोंगळाभर पाणी साचलं होतं. हा झाला सरळ अर्थ.

'शी इज नी-डीप इन वर्क' म्हटलं की पाणी जातं आणि त्याच्या जागी काम येतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. आपल्याला टोंगळाभर पाणी म्हणजे काही विशेष नाही, लहान पोरंही ते ओलांडतात. म्हणून 'नी-डीप इन वर्क' वाचून 'थोडंसं काम आहे' असा अर्थ लावण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इथे असं काहीतरी असतं, ज्यातून पाय उचलणं जड जातं. जुलैत काळ्या मातीच्या वावरात जो उतरला आहे, त्याला गुडघ्यापर्यंत रुतणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. 'नी-डीप' म्हणजे कामात पुरता रुतलेला.

गळ्यापर्यंत गेलं की दोन्ही भाषा अगदी एकत्र येतात. 'अप टू हिज नेक इन डेट' याला आपल्याकडे तयार शब्द आहे, कर्जात आकंठ बुडालेला. आकंठ म्हणजे कंठापर्यंत. आणखी चार बोटं पाणी वाढलं तर नाकात जाईल, अशी ती अवस्था. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे. 'आउट ऑफ हिज डेप्थ' मधला 'हिज' हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे. खोली नदीची नाही, त्या माणसाची आहे. ज्या पाण्यात त्याचे पाय तळाला टेकतात आणि डोकं वर राहतं, तेवढं पाणी म्हणजे 'हिज डेप्थ'. सहा फुटी माणसाची डेप्थ वेगळी, चौथीतल्या पोराची वेगळी. त्याच्या बाहेर गेलं की पाय अधांतरी. म्हणून आलंकारिक अर्थ असा: काम किंवा चर्चा त्याच्या आवाक्याबाहेर गेली आहे, आतापर्यंतचा अनुभव टेकायला पुरत नाही. तो मूर्ख आहे असं हे वाक्य म्हणत नाही. चांगला पोहणारासुद्धा कुठेतरी 'आउट ऑफ हिज डेप्थ' असतोच. आपण 'कोण किती पाण्यात आहे ते कळेल' म्हणतो तेव्हा चित्र पाण्याचंच असतं, पण त्या बोलण्यात आव्हान असतं, कधी हेटाळणीही. इंग्रजी वाक्प्रचारात तशी धार असतेच असं नाही. लोक स्वतःबद्दलही सहज म्हणतात, 'आय ॲम आउट ऑफ माय डेप्थ हिअर', हे माझ्या आवाक्यातलं नाही.

याचाच भाऊ म्हणजे 'इन ओव्हर माय हेड', पाणी डोक्यावरून गेलंय, झेपेना. आणि याच्याशी गल्लत होते तो 'इट वेंट ओव्हर माय हेड'. त्यात पाणी नाहीच. बोललेलं डोक्यावरून निघून गेलं, म्हणजे समजलं नाही. पहिल्यात माणूस बुडतोय, दुसऱ्यात तो कोरडाच आहे. परीक्षेत पर्याय देणारे नेमके हे दोन शेजारीशेजारी ठेवतात.

'थ्रोन इन ॲट द डीप एंड' हा मात्र आपल्या मुलांना खरोखर अडतो, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. हे चित्र पोहण्याच्या तलावातलं आहे. बऱ्याच तलावांचा तळ उतरता असतो. एका टोकाला कमरेइतकं पाणी, ते 'शॅलो एंड', आणि दुसऱ्या टोकाला डोक्यावरून पाणी, ते 'डीप एंड'. नवशिक्याने उथळ टोकापासून सुरुवात करावी अशी ती सोय. आपली पोरं विहिरीत शिकतात. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधतात, कमरेला दोर, वर काका किंवा मामा दोर धरून उभे. विहिरीला उथळ टोक नसतंच, उतरलं की थेट डुबाव. त्यामुळे 'डीप एंड' म्हटल्यावर 'मग दुसरं टोक कोणतं?' हा प्रश्न आमच्या पोरांना पडतो, आणि तो अगदी रास्त आहे.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मराठीत 'विहिरीत ढकललं' म्हणजे घात केला. मुलीचं लग्न वाईट घरी लावून दिलं की लोक म्हणतात, पोरीला विहिरीत ढकलली. तोच भाव घेऊन मुलं इंग्रजी वाक्प्रचाराकडे बघतात आणि 'हर बॉस थ्रू हर इन ॲट द डीप एंड' वाचून साहेबाने तिचा घात केला असं समजतात. खरं तर अर्थ असा की पूर्वतयारीची संधी न देता एकदम अवघड काम अंगावर टाकलं. त्यात दुष्टपणा नाही. उलट पुष्कळदा 'आणि म्हणून ती लवकर शिकली' असंच पुढचं वाक्य असतं. याच तलावातून आलेला 'ही वेंट ऑफ द डीप एंड' मात्र वेगळा आहे. त्याचा अर्थ तो एकदम भडकला, त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला.

आता दोर सोडून तळ शोधणारा माणूस. इंग्रजी ही समुद्राने वेढलेल्या बेटावरची भाषा आहे, आणि तिचे खोलीबद्दलचे कितीतरी शब्द जहाजावरून आले आहेत. जुन्या काळी जहाज किनाऱ्याजवळ आलं की एक खलाशी शिशाचं वजन बांधलेला दोर पाण्यात सोडायचा. वजनाच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली. तळाची वाळू, गाळ, शिंपल्यांचे तुकडे त्या चरबीला चिकटून वर येत, त्यावरून खाली काय आहे ते कळे. दोरावर ठरावीक अंतरांवर खुणा असत. कुठे चामड्याच्या पट्ट्या, कुठे पांढरं कापड, कुठे लाल. रंग आणि पोत वेगळे ठेवत, म्हणजे काळोखातही नुसत्या हाताला खूण ओळखू यावी. खलाशाला बोटांनी वाचता यायचा असा हा दोर होता.

मोजायचं एकक होतं फॅदम, म्हणजे ६ फूट, सुमारे १.८३ मीटर. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ दोन्ही हात पसरून होणारी कव. आपल्याकडचं जुनं 'वाव' हे माप अगदी हेच आहे, पसरलेल्या दोन हातांच्या टोकांमधलं अंतर. आणि विहिरीची खोली आपले जुने लोक परसात सांगत आले, म्हणजे हात वर करून उभ्या माणसाच्या उंचीत. इंग्रज खलाशी दोर हाताने ओढत मोजायचा म्हणून त्याचं माप आडवं, आपण माणूस विहिरीत उभा कल्पून मोजतो म्हणून आपलं माप उभं. दोन्ही मापं माणसाच्याच अंगावरची.

आता 'आय कान्ट फॅदम व्हाय ही लेफ्ट' हे वाक्य घ्या. दोर सोडला, पण तळाला टेकला नाही. तो का गेला ते मला उमगत नाही. मराठीत आपण नेमकं हेच म्हणतो: थांग लागत नाही. थांग म्हणजे तळ, आणि ज्याला थांग नाही तो अथांग. 'मनाचा ठाव घेणे' यातला ठावही तळच. इंग्रज दोर टाकून तळ शोधत होता आणि आपण बांबूने किंवा पायाने, पण न समजण्याचं चित्र दोघांनी एकच निवडलं. वर्गात 'फॅदम'समोर 'समजणे' असं लिहून देण्याऐवजी 'थांग लागणे' लिहून दिलं, तर मूळ चित्रासकट अर्थ मिळतो.

खुणांच्या त्याच दोराने एका मोठ्या लेखकाला नाव दिलं. जिथे खूण बांधलेली असे त्या मापाला 'मार्क' म्हणत, आणि जिथे खूण नसे, अंदाजाने सांगावं लागे, त्याला 'डीप'. सात फॅदमला खूण असे म्हणून 'बाय द मार्क सेव्हन', सहाला नसे म्हणून 'बाय द डीप सिक्स'. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर आगबोटी चालायच्या, तिथे दोन फॅदम म्हणजे १२ फूट पाणी सापडलं की बोटीला धोका नाही. तेव्हा आरोळी येई, 'मार्क ट्वेन!' ट्वेन म्हणजे जुन्या इंग्रजीत दोन. सॅम्युएल क्लेमेन्स या तरुणाला १८५९ मध्ये त्या नदीवर बोट चालवण्याचा परवाना मिळाला, आणि १८६३ पासून तो 'मार्क ट्वेन' या नावाने लिहू लागला. पुढे 'टू डीप-सिक्स समथिंग' म्हणजे एखादी गोष्ट कायमची फेकून देणं, असा प्रयोग रूढ झाला. तो सहा फॅदम पाण्यातून आला की सहा फूट खोल कबरीतून, यावर जाणकारांत एकमत नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणाच्या सुनावणीत, गैरसोयीचे कागद असलेली बॅग 'डीप-सिक्स' करायला सांगितल्याची साक्ष झाली आणि हा शब्द घरोघरी पोहोचला.

दोराने किती खोल जाता येतं? २३ मार्च १८७५ रोजी चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने पॅसिफिक महासागरात वजन सोडलं आणि ४,४७५ फॅदमवर तळ लागला. मीटरमध्ये हे माप ८,१८० च्या वर जातं. त्याच भागातल्या सर्वांत खोल जागेला आज 'चॅलेंजर डीप' म्हणतात, आणि तिची खोली सुमारे १०,९०० मीटर मोजली गेली आहे. एव्हरेस्ट तिथे ठेवला तर त्याच्या शिखरावर दोन किलोमीटर पाणी उरेल. या नावात 'डीप' हे विशेषण नाही, नाम आहे, 'खोल जागा'. इंग्रजी कवितेत 'द डीप' म्हणजे नुसता समुद्र.

दोराला बांधलेल्या शिशाचं लॅटिन नाव प्लंबम. त्यावरून 'प्लंब' म्हणजे खोली मोजणं, आणि गवंड्याच्या ओळंब्याला इंग्रजीत 'प्लंब बॉब' म्हणतात तो त्याच शब्दातून. पण 'प्लंब द डेप्थ्स' जपून वापरावा. 'तिने त्या विषयाचा पूर्ण ठाव घेतला' असा चांगला अर्थही होतो, आणि 'ही मालिका दर्जाच्या बाबतीत तळाला गेली' असा वाईटही. तळाचं असंच आहे. 'गेट टू द बॉटम ऑफ इट' म्हणजे मुळाशी जाऊन कारण शोधणं, हे काम कौतुकाचं. 'हिट रॉक बॉटम' म्हणजे याहून खाली जायला जागा नाही अशी अवस्था. कापसाचे भाव तळाला गेले की आपणही म्हणतो, भावाने तळ गाठला. पश्चिम विदर्भात विहीर खणताना काळी माती संपते, मुरूम लागतो, आणि मग काळा पाषाण. त्याच्यापुढे पहार चालत नाही, सुरुंग लावावा लागतो. 'रॉक बॉटम' मधला रॉक तो.

आता तिसरी जागा, काठावर उभं राहून आत बघणारा. इथे खोली खाली जात नाही, आडवी जाते, आणि हे कळलं नाही तर 'डीप'ची अर्धी वाक्यं अडतात. सुदैवाने याचं उदाहरण आपल्या पोट्ट्यांना पाठ आहे. क्रिकेटच्या समालोचनात 'डीप मिडविकेट', 'डीप पॉइंट', 'डीप फाइन लेग' रोज ऐकतात. तिथे मैदानात खड्डा नसतो. खेळपट्टीपासून लांब, सीमारेषेजवळ उभा असलेला क्षेत्ररक्षक तो 'डीप'. 'डीप इन द फॉरेस्ट' मधलं 'डीप' तेच. मेळघाटाच्या कडेपासून आत, खूप आत. 'डीप इनटू द नाइट' मध्ये हेच अंतर वेळेला लागू होतं. आपण मात्र रात्र चढली म्हणतो. इंग्रज रात्रीच्या आत शिरतो, आपली रात्र वर जाते, आणि दोघांचंही म्हणणं बरोबर आहे.

'डीप पॉकेट्स' मध्ये माणसाचा हात खिशात आत, आणखी आत जातो आणि तरी पैसा संपत नाही. म्हणजे गडगंज. 'ब्यूटी इज ओन्ली स्किन डीप' मध्ये आत जायचं अंतर कातडीएवढंच, पापणीवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्याच जाडीचं सौंदर्य, त्याच्या आतला माणूस वेगळा असू शकतो.

परीक्षेच्या दृष्टीने 'डीप-सीटेड' वर थोडं थांबायला हवं. 'अ डीप-सीटेड फिअर' म्हणजे आत ठाण मांडून बसलेली भीती. यात 'सीट' आहे, बसण्याची जागा. पण बरेच जण 'डीप-सीडेड' लिहितात, बी खोल पेरल्यासारखं. इंग्रजी मातृभाषा असलेलेही ही चूक करतात. आपल्या मुलांना तर ती फारच स्वाभाविक वाटते, कारण मराठीत भीती, श्रद्धा, सवय सगळं रुजतं. पण बी फार खोल पडलं तर ते उगवतच नाही, हे पेरणी केलेल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. कापूस असो की सोयाबीन, बी काही बोटंच खाली घालतात. तेवढी आठवण ठेवली तर स्पेलिंग चुकणार नाही.

ऋतूंचं प्रकरण गमतीचं आहे. ऐन थंडीत म्हणायचं असेल तर इंग्रजी म्हणते 'इन द डेप्थ ऑफ विंटर', आणि चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर गेलेल्या ऐन मे महिन्याला 'द हाइट ऑफ समर'. हिवाळा खोल, उन्हाळा उंच. दोन्हीसाठी आपल्याकडे 'ऐन' किंवा 'भर' पुरतो. उलट जिथे इंग्रजी एकाच 'डीप'वर भागवते, तिथे मराठी दर वेळी वेगळा शब्द काढते. झोप गाढ, निळा गडद, जंगल दाट, आवाज खर्जातला, श्वास दीर्घ, अभ्यास सखोल, आणि 'डीपली सॉरी' मधली दिलगिरी मनापासूनची. हल्ली भाषांतरांत 'खोल झोप' दिसू लागली आहे. ती वाचताना मला त्रास होतो. गाढ झोप सोडून देण्याचं काहीच कारण नाही.

मोबाइलमुळे कानावर आलेल्या 'डीप लर्निंग' (संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्याचं एक तंत्र) बद्दलही गैरसमज आहे. संगणक सखोल विचार करू लागला असा त्याचा अर्थ नाही. या तंत्रात माहिती हिशेबांच्या एकामागून एक थरांतून जाते, आणि असे थर पुष्कळ असले की त्या रचनेला 'डीप' म्हणतात. २०१२ मध्ये छायाचित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत गाजलेल्या ॲलेक्सनेट या रचनेत असे ८ थर होते. इथे 'डीप' म्हणजे थरांची संख्या. 'डीपफेक' हा शब्द यातूनच निघाला, त्या तंत्राने बनवलेला खोटा व्हिडिओ. तो खोलवर खोटा नसतो, वरवर पाहता खरा वाटतो हाच त्याचा धोका.

दोन म्हणी राहिल्या. 'स्टिल वॉटर्स रन डीप' आणि आपली 'उथळ पाण्याला खळखळाट फार' या एकाच नदीच्या दोन जागा आहेत. नदीतून सेकंदाला जेवढं पाणी वरून येतं तेवढंच खाली जावं लागतं. पात्र उथळ आणि गोट्यांचं असलं तर पाणी वेगाने, आवाज करत पळतं. डोह आला की तेवढ्याच पाण्याला जागा मोठी मिळते, म्हणून वेग कमी, आवाज नाही. वर्धा असो की पैनगंगा, हे काठावरून दिसतं. आपली म्हण बडबड्या माणसाला टोचते, इंग्रजी म्हण शांत माणसाकडे बोट दाखवते आणि सांगते, त्याच्या आत बरंच काही आहे. कधी त्यात सावधगिरीचा इशाराही असतो, गप्प आहे म्हणून साधा समजू नका.

'बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी' म्हणजे आपलं इकडे आड तिकडे विहीर. दर्यावर्दी लोकांना दुसऱ्या बाजूला समुद्र दिसला, गावातल्या माणसाला विहीर.

एक वाक्य सोडवून बघा: 'द न्यू सरपंच वॉज थ्रोन इन ॲट द डीप एंड, बट विदिन अ इयर शी हॅड गॉट टू द बॉटम ऑफ द वॉटर प्रॉब्लेम.' पहिल्या अर्ध्यात ती स्वतः पाण्यात आहे, तयारी नसताना अवघड कामात पडलेली. दुसऱ्या अर्ध्यात ती वर आली आहे आणि तळ शोधणारी झाली आहे, नळाला पाणी का येत नाही याचं मूळ तिने वर्षभरात शोधून काढलं. 'वॉटर प्रॉब्लेम' मधलं पाणी तेवढं खरं, बाकी दोन्ही ठिकाणचं पाणी नुसतं चित्रातलं.